अनाथ लेकरांची सावित्रीमाउली

आळंदीच्या चार लेकरांची कथा वारकऱ्याला नव्याने सांगावी लागत नाही. संन्याशाची पोरे म्हणून गावाने त्यांना वाळीत टाकले, आईबापांनी प्रायश्चित्त म्हणून देह ठेवला, आणि ती चिमणी चौघे शुद्धिपत्रासाठी पैठणची वाट चालू लागली. कीर्तनात हा प्रसंग आला की मंडपातल्या आयाबाया पदराने डोळे टिपतात. माझ्या मनात मात्र पुष्कळ वर्षे एक प्रश्न घोळतो आहे. त्या चौघांत ज्ञानोबा होते, म्हणून जगाने त्यांची आठवण ठेवली. ज्या टाकलेल्या पोरांत कोणी ज्ञानोबा नव्हता, त्यांचे पुढे काय झाले? तशी पोरे त्या काळी काय कमी होती? जनाबाईचे उदाहरण घ्या. गंगाखेडची ती लहानगी पोर पंढरीस दामाशेटींच्या घरी राहिली, दळणकांडण केले, पण डोक्यावर छप्पर होते, दोन वेळा पोटाला होते आणि कानांवर नामदेवरायांचे शब्द होते. घर मिळाले म्हणून जनी आपल्याला मिळाली. एरवी ती कुठल्या वाटेवर नाहीशी झाली असती कोण जाणे.

अशा न मिळालेल्या घरांची जिने चिंता केली, त्या सावित्रीबाई जोतीराव फुले यांचे चरित्र आज श्रोत्यांपुढे ठेवायचे आहे. मुलींची पहिली शाळा काढणाऱ्या म्हणून त्यांना सगळे ओळखतात. शाळेविषयी मी थोडेच बोलेन, कारण ते ठाऊक आहे. त्यांच्या घरच्या पाळण्याविषयी जास्त बोलेन.

सावित्रीबाईंचा जन्म ३ जानेवारी १८३१ रोजी सातारा जिल्ह्यात, खंडाळा तालुक्यातल्या नायगावी झाला. वडील खंडोजी नेवसे पाटील, आई लक्ष्मीबाई. त्या काळच्या रीतीप्रमाणे नवव्या वर्षीच, १८४० साली, पुण्याच्या जोतीराव फुल्यांशी लग्न झाले. जोतीरावांचे वय तेरा. जोतीराव स्वतः आईवेगळे पोर. वर्षाचे व्हायच्या आतच आई गेली. त्यांना सांभाळले सगुणाबाई क्षीरसागर यांनी. या नात्यातल्याच, बालपणी विधवा झालेल्या. एका मिशनरी साहेबाच्या घरी अनाथ मुले सांभाळण्याचे काम करीत. आता पाहा योग कसा जुळतो. दुसऱ्याचे पोर पोटाशी कसे धरावे, हे त्या घरात कोणी पुस्तकातून शिकले नव्हते. आईवेगळा मुलगा, विधवा पालनकर्ती आणि नऊ वर्षांची सून, असे ते घर. सूनबाईला अक्षरओळख नवऱ्याने करून दिली.

१८४८ साली पुण्याच्या बुधवार पेठेत भिडेवाड्यात शाळा सुरू झाली. सावित्रीबाई शिकवायला जात तेव्हा लोक शेणमाती फेकीत, आणि त्या एक जादा लुगडे बरोबर नेत, हे सर्वांनी ऐकले आहेच. १८४९ साली लोकांच्या दडपणाने सासरे गोविंदराव यांनी दोघांना घर सोडायला लावले. त्या वेळी उस्मान शेख यांनी त्यांना आपल्या घरी जागा दिली. सदाशिवराव गोवंडे, मोरो विठ्ठल वाळवेकर, सखाराम यशवंत परांजपे हे ब्राह्मण मित्रही पाठीशी होते. शाळा वाढल्या, १८५२ साली सरकारी सत्कार झाला. असो.

आता मुख्य कथेला हात घालतो. ती ऐकायला कठीण आहे, पण ऐकली पाहिजे.

गोवंडे यांच्या घरी काशीबाई नावाची एक तरुण ब्राह्मण विधवा स्वयंपाकाला होती. बाई चांगली, अब्रूने राहणारी. शेजारच्या एका शास्त्रीबुवांनी तिला फसवले. दिवस राहिले. शास्त्रीबुवांनी अंग काढून घेतले. बाईने काय काय औषधे घेतली, गर्भ पडला नाही. शेवटी गोजिरा मुलगा झाला. लोकांच्या भयाने त्या आईने आपल्याच हाताने त्या मुलाचा जीव घेतला आणि मालकाच्या परसातल्या विहिरीत टाकला. दोन दिवसांत ते उघडकीस आले. सत्र न्यायालयात खटला चालला आणि तिला जन्मठेप काळ्या पाण्याची शिक्षा झाली. शास्त्रीबुवांचे काय झाले, म्हणाल तर काही नाही. ते आपल्या घरी राहिले.

मी लहानपणी पाठशाळेत धर्मशास्त्राचा अभ्यास केला. भ्रूणहत्येची गणना शास्त्राने घोर पातकांत केली आहे, हे आम्ही घोकून घोकून पाठ केले. पण ते पातक कोणाच्या नावावर मांडायचे? ज्या समाजाने आठव्या वर्षी लग्न लावले, दहाव्या वर्षी डोके भादरले, एका वेळच्या जेवणावर कोनाड्यात बसवले, आणि घरातल्याच पुरुषाने हात धरला तेव्हा त्याच्याकडे पाठ फिरवली, त्या समाजाच्या खात्यावर त्यातले किती? विधवाविवाहाचा कायदा १८५६ सालीच झाला होता. कायदा कागदावर आला, पण घराच्या उंबऱ्याच्या आत त्याला कोणी येऊ दिले नाही. शास्त्र वाचणाऱ्याने हा हिशेब टाळता कामा नये, असे माझे मत आहे. कोणाला कडू लागले तर लागो.

काशीबाईचा निकाल ऐकून पुण्यात पुष्कळांनी हळहळ केली असेल. हळहळीने मूल वाचत नाही. फुले पतिपत्नींनी १८६३ साली गंज पेठेतल्या आपल्या राहत्या घराच्या आवारात बालहत्या प्रतिबंधक गृह उघडले. नाव मोठे वाटते, पण काम अगदी घरगुती. अडलेल्या विधवेने यावे, गुप्तपणे बाळंत व्हावे, मूल न्यायचे तर न्यावे, ठेवायचे तर ठेवून जावे. नाव सांगायची सक्ती नाही. अशा छापील जाहिराती ब्राह्मण वस्तीच्या कोपऱ्याकोपऱ्यांवर भिंतींना डकवल्या. त्या काळी हे केवढे धाडस! ज्या गोष्टीविषयी घरात कुजबुजतसुद्धा कोणी बोलत नसे, ती भिंतीवर लावली. काहींनी त्या जाहिराती वाचून तोंडे वाकडी केली असतील. पण रात्री तीच जाहिरात आठवून एखादी पोर डोक्यावर पदर ओढून गंज पेठेकडे निघाली असेल.

तिथे तिला कोण भेटे? सावित्रीबाई. बाळंतपण त्या स्वतः करीत. या गोष्टीवर जरा थांबा. आपल्या सोळा संस्कारांत पहिले तीन मूल जन्माच्या आधीचे: गर्भाधान, पुंसवन, सीमंतोन्नयन. चौथा जातकर्म, नाळ कापायच्या आधीचा. सहाव्या महिन्यात अन्नप्राशन. म्हणजे मूल जगात यायच्या आधीपासून त्याची काळजी घेतली पाहिजे, हे आपल्या पूर्वजांना पक्के ठाऊक होते. आईच्या पोटात असतानाच लेकराचे बरेवाईट ठरते. पण हे सगळे ज्याला बाप आहे, गोत्र आहे, घर आहे, त्याच्यासाठी. ज्याच्या बापाने तोंड लपवले, त्याच्या आईला सीमंतोन्नयनाच्या ऐवजी काढे आणि विषारी मुळ्या. सावित्रीबाईंनी त्या लेकराला जातकर्माच्या वेळेपासून उचलले. मंत्र नव्हते; ऊनऊन पाणी, शेक आणि मायेचा हात होता.

पण उशीर झालेला असे. १८८४ साली जोतीरावांनी विधवांच्या प्रश्नावर सरकारला आपला अभिप्राय लिहून दिला, त्यात या घराचा हिशेब दिला आहे. तोपर्यंत ३५ विधवा तिथे येऊन बाळंत झाल्या. त्यांची मुले जगली किती? अवघी ५. बाकीची पोटात असताना आयांनी भीतीपोटी घेतलेल्या औषधांनी गेली. हा आकडा मी कीर्तनात एकदोनदा सांगितला तर मंडप गप्प झाला. मदतीचा हात प्रसूतीच्या रात्री पुढे करून भागत नाही, तो फार आधी पोचला पाहिजे, हे त्या हिशेबातून दिसते. फुल्यांनीही आकडा लपवला नाही. आजकाल संस्था काढणारे लोक वाचलेल्यांचीच यादी छापतात. जोतीरावांनी गेलेल्यांचीही छापली. अशा प्रामाणिकपणाला मी वंदन करतो.

या पाचांपैकी असेल वा नसेल, पण त्याच घरात एका ब्राह्मण विधवेच्या पोटी जन्मलेला एक मुलगा सावित्रीबाईंनी आपला म्हणून घेतला. १८७४ च्या सुमाराची ही गोष्ट. त्याचे नाव यशवंत. फुल्यांना स्वतःचे अपत्य नव्हते. दुसरे लग्न करा असा आग्रह जोतीरावांना घरच्यांनी केला होता, त्यांनी तो मानला नाही. १८८७ साली मृत्युपत्र केले, त्यात यशवंताला आपला मुलगा आणि वारस ठरवले. शिकवून डॉक्टर केले. त्याचे लग्न जमवताना किती अडचणी आल्या असतील ते जातीपातीच्या जगात राहणाऱ्याला वेगळे सांगायला नको. अखेर १८८९ साली हडपसरच्या ग्यानोबा ससाणे यांच्या मुलीशी ते झाले.

पंढरीच्या वाटेवरच्या लोकांना इथे एक गोष्ट सांगितली पाहिजे. गंज पेठेतले घर उघडून बारा वर्षे झाल्यावर, १८७५ साली, आपल्या पंढरपुरातही असेच घर निघाले. प्रार्थना समाजाच्या मंडळींचे काम, आणि त्यात पुढाकार पंढरपुरी न्यायाधीश म्हणून आलेल्या लालशंकर उमियाशंकर या गुजराती गृहस्थांचा. पंढरपुरीच का? कारण सरळ आहे. क्षेत्राच्या गावी कोणी कोणाला ओळखत नाही. यात्रेच्या गर्दीत विधवा येई, चंद्रभागेत स्नान करी, आणि जाताना पोटचा गोळा कुठे तरी मागे ठेवून जाई. आपण कळसाकडे पाहून हात जोडतो, त्याच वाळवंटात ही लेकरे सापडत. विठुरायाला लेकुरवाळा म्हणणाऱ्या आपण वारकऱ्यांनी ते घर आधी काढायला हवे होते. परगावच्या गुजराती न्यायाधीशाला ते सुचले. सुचले हे बरे झाले.

पुढच्याच वर्षी, १८७६ साली, दख्खनात पाऊस हुकला. सोलापूर, नगर, पुणे, सातारा सगळे होरपळले. माणसे गुरे सोडून, घरे टाकून वाट फुटेल तिकडे चालू लागली. सरकारने खडी फोडायची, तलाव खणायची कामे काढली, पण रिचर्ड टेंपल साहेबांनी मजुरी इतकी खाली आणली की मोठ्या माणसाला दिवसाला एक पौंड धान्य आणि वर एक आणा. एक पौंड म्हणजे अर्ध्या शेराच्या आसपास. दिवसभर खडी फोडणाऱ्याने ते खायचे, की पोरांना घालायचे? पुष्कळ ठिकाणी लोक कामावरून उठून गेले. पुण्याच्या सार्वजनिक सभेने दुष्काळाच्या हकीकती लिहून सरकारला पाठवल्या, हेही मोठे काम होते. पण पोराला हकीकत भरवता येत नाही.

सत्यशोधक समाज २४ सप्टेंबर १८७३ रोजी स्थापन झाला होता. त्याची माणसे गावोगाव अन्नछत्रे काढण्याच्या कामाला लागली. सावित्रीबाई जुन्नर भागात ओतूरला होत्या. तिथून त्यांनी एप्रिल १८७७ मध्ये जोतीरावांना लिहिलेल्या पत्रावरून त्यांचे काम कसे चाले ते कळते. समाजाच्या काही माणसांवर आळ घेऊन त्यांना पकडले होते. सावित्रीबाई तिथे पोचल्या, कलेक्टरापुढे उभ्या राहिल्या, त्याला सगळी हकीकत समजावून सांगितली. माणसे सुटली, आणि वर सरकारकडून धान्याच्या गाड्याही मिळाल्या. सांगायचे तात्पर्य, पदर खोचून दारोदार धान्य गोळा करणारी बाई वेळ आली की कचेरीतही बोलत असे.

पुण्याजवळ धनकवडीला व्हिक्टोरिया बालाश्रम नावाने मुलांसाठी छत्र उघडले. मे १८७७ मध्ये जोतीरावांनी त्यासाठी लोकांना जाहीर विनंती केली. लष्करातले डॉ. शिवाप्पा यांचे साहाय्य होते. देणग्या व्यापाऱ्यांच्या, दुखणी डॉक्टरांकडे, व्यवस्था समाजाची, आणि चुलीशी बायका. रोज हजारभर मुले तिथे जेवत असत. त्या पंक्तीची कल्पना करून पाहा. पोट खपाटीला गेलेली, हातापायांच्या काड्या झालेली पोरे. अशा पोराच्या पुढ्यात एकदम पोटभर भाकर ठेवली तर तीच त्याचा घात करते. थोडे थोडे, वेळच्या वेळी द्यावे लागते. म्हणून वैद्य आणि स्वयंपाकीण एका जागी हवेत. नुसता सदावर्त घालून हे होत नाही. १९७५ सालापासून अंगणवाडीत जेवण, वजन, लस आणि अक्षरओळख एका छपराखाली आणली, ती शास्त्रशुद्ध योजना म्हणून सांगतात, आणि ती आहेच. त्याच्या अठ्ठ्याण्णव वर्षे आधी धनकवडीच्या माळावर काही माणसांनी भुकेल्या पोरांसमोर बसून हेच ओळखले होते.

आणखी एक सांगतो. मुलाला जेवण द्यायचे आणि त्याच्या आईबापांना रस्त्यावर सोडायचे, हा अर्धा धर्म झाला. सत्यशोधकांची छत्रे गावोगाव होती, म्हणजे कुटुंबाने गाव सोडू नये. एकदा कुटुंब फुटले की पोर अनाथ झालेच समजा, मग आईबाप जिवंत का असेनात.

जोतीरावांच्या लिखाणाविषयी माझ्यासारख्याने प्रामाणिकपणे बोलले पाहिजे. आमच्या पुराणांवर, भटाभिक्षुकांवर त्यांनी फार तिखट लिहिले आहे. संस्कृत शिकलेल्या माणसाला त्यातले सगळे पटत नाही, मलाही पटत नाही. आमच्यातले काही कीर्तनकार म्हणूनच हे नाव तोंडी घेत नाहीत. माझा त्यांना एवढाच प्रश्न असतो, की ब्राह्मण विधवेची अब्रू आणि तिचे लेकरू सांभाळायला त्या वेळी पुण्यात दुसरे कोणते दार उघडे होते? ते दार माळ्याच्या घराचे होते. आमच्या सगळ्या वेदशाळा त्याच पुण्यात होत्या.

१८८८ साली जोतीरावांना पक्षाघात झाला. उजवा हात गेला, ते डाव्या हाताने लिहीत राहिले. घरात पैशाची ओढ होती. मामा परमानंदांच्या शब्दावरून सयाजीराव महाराजांकडून मदत आली. २८ नोव्हेंबर १८९० रोजी जोतीराव गेले. अंत्ययात्रेत टिटवे कोणी धरायचे यावर भाऊबंदांनी वाद काढला. यशवंताला ते हक्क देईनात. तेव्हा सावित्रीबाई पुढे झाल्या, टिटवे हातात घेतले आणि स्वतः अग्नी दिला. बायकोने नवऱ्याला अग्नी द्यावा हे त्या काळी कोणी ऐकलेही नव्हते. ज्या मुलाला घर दिले त्याच्या हक्कासाठी त्या स्मशानातही उभ्या राहिल्या, असे मला त्यात दिसते.

पुढे समाजाचे काम त्यांनीच पाहिले. १८९३ साली सासवडला परिषद झाली, तिच्या अध्यक्षस्थानी त्या होत्या.

१८९७ साली पुण्यात प्लेग शिरला. माणसे पटापट मरू लागली. रोगी वेगळा काढून नेतील या भयाने लोक दुखणे लपवीत, आणि त्यामुळे घरची घरे बसत. यशवंत लष्करात डॉक्टर होते. सावित्रीबाईंनी त्यांना बोलावून घेतले आणि पुण्याबाहेर हडपसरजवळ, ससाण्यांच्या माळावर, दवाखाना उघडला. जागा व्याह्यांची, औषध मुलाचे, आणि रोगी आणायचे काम सहासष्ट वर्षांच्या म्हातारीचे. मुंढव्याच्या महारवाड्यात पांडुरंग बाबाजी गायकवाड नावाचा मुलगा प्लेगने पडला आहे असे कळले. सावित्रीबाई गेल्या, त्याला पाठीवर घेतले आणि दवाखान्यापर्यंत चालत आल्या. पांडुरंग हे नाव ऐकून कीर्तनकाराला काय काय सुचते; पण मी त्यावर काही बोलत नाही. ते पोर कोणाचे तरी होते, तापाने फणफणले होते, आणि एका बाईच्या पाठीवर होते, इतके पुरे.

त्या पोराकडून प्लेग त्यांना लागला. १० मार्च १८९७ रोजी रात्री सावित्रीबाईंनी देह ठेवला. पांडुरंग वाचला असे सांगतात.

वारीला जाणाऱ्यांनी एक ध्यानात ठेवावे. पालख्या पुण्यात दोन रात्री असतात. माउलींची भवानी पेठेत पालखी विठोबाशी, तुकोबारायांची नाना पेठेत निवडुंग्या विठोबाशी. तिथून गंज पेठ अगदी जवळ आहे. आता तिला महात्मा फुले पेठ म्हणतात. फुल्यांचा वाडा अजून उभा आहे, अंगणात जोतीरावांचे तुळशीवृंदावन आहे आणि १८६८ साली अस्पृश्य गणलेल्यांना खुला केलेला पाण्याचा हौद आहे. बालहत्या प्रतिबंधक गृह त्याच आवारात होते. पुण्याहून पालख्या निघाल्या की हडपसर लागते, माउलींची पालखी दिवेघाट चढून सासवडला मुक्काम करते, आणि पुढे लोणंदला येते तेव्हा आपण नायगावच्याच तालुक्यात असतो. मुक्कामी वेळ असेल तर वाड्यात जाऊन यावे. आत शिरल्यावर चपला बाहेर काढाव्यात.